पल्याडचं पाणी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि जी माणसं आवडीने पुस्तकं वाचतात त्यांच्यापुढे काही मांडावं इतकं माझं वाचनही नाही. पहिल्या वर्षाला असताना मराठीच्या सरांनी वर्गात एकेकाला उठवून विचारलं होतं, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे. मी म्हणालो, आमच्या गावात तळं आहे आणि तळ्याखाली आमचं गाव आहे. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, हे लिहून काढ. दोन वर्षं मी टाळलं. टेबलाशी बसलो की उठावंसं वाटतं. दोन ओळी झाल्या की खिडकीपाशी जातो, पुन्हा येतो, लिहिलेलं खोडतो. तेव्हाही माझं असंच होत होतं. ज्या उन्हाळ्याबद्दल सांगायचं आहे त्या उन्हाळ्यात मी एका जागी स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव घोटीच्या पुढे, डोंगरात. मी शाळेत जायला लागलो त्या सुमारास गावाखालच्या नदीवर धरण झालं. ते शेतीसाठी नव्हतं, विजेसाठी होतं. साठलेलं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून घाटाखाली सोडतात. तिथे वीजघर आहे, पाण्याच्या जोरावर तिथलं मशीन फिरतं आणि वीज तयार होते. ती वीज लोखंडी मनोऱ्यांवरच्या तारांतून आमच्याच डोक्यावरून परत वर येते आणि पुढे निघून जाते. मनोऱ्याखाली उभं राहिलं की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज येतो. गुरं राखताना आम्ही तो ऐकत बसायचो. आमच्या घरात मात्र रॉकेलची चिमणीच होती.

धरण झालं तेव्हा गाव वर सरकलं. लोकांनी घरांची कौलं, वासे, दारं उतरवली, बैलगाड्यांतून टेकडीवर नेली आणि जमतील तशी पुन्हा उभी केली. आमच्या घराचं दार नव्या चौकटीत कधीच नीट बसलं नाही. अजूनही ते उचलूनच लावावं लागतं. नदीकाठचा मळा, विहीर, शाळा खाली राहिली. मोठी माणसं त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते फरशीबद्दल.

फरशी म्हणजे जुन्या नदीवरचा बुटका, बिनकठड्याचा दगडी पूल. पल्याडच्या काठाला आमची सगळी सोयरीक. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. आई सांगते, चुलीवर भात ठेवून पल्याडच्या बहिणीला भेटून यावं, इतकं ते जवळ होतं. तळं भरलं आणि फरशी बुडाली. आता पल्याड जायचं तर होडी, नाहीतर डोंगराला वळसा घालणारी बैलगाडीची वाट. ती वाट दिवसभराची आणि नुसत्या दगडांची. त्या बाजूला एसटी जात नव्हती.

पण उन्हाळ्यात वीजघर पाणी ओढत राहतं आणि तळं उतरत जातं. आधी आमच्या मळ्यातल्या चिंचेचं वाळकं खोड वर येतं. मग जुन्या शाळेचा ओटा दिसतो. मग गाळ वाळून तडकतो, आणि एक दिवस फरशी उघडी पडते, हिरवी, निसरडी. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण साधारण त्याच सुमाराला येतो. फरशी उघडी पडली की पल्याडच्या लेकी डोक्यावर बोचकी घेऊन एकामागे एक चालत माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि पाऊस लागण्याआधी त्या परत जातात. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या गावातला कुणी कुठेही भेटला तरी पहिला प्रश्न एकच असतो, शाळा दिसली का? शाळा दिसली म्हणजे आता फरशी लांब नाही.

माझी मोठी बहीण पल्याड दिलेली. तिने मला कडेवर वाढवलं. शाळा खाली असताना ती तिथे चौथीपर्यंत शिकली होती, आणि पाटीवर पहिलं अक्षर मी तिच्याकडूनच गिरवलं.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात वडील तिला आणायला गेले. भाद्रपद होता, तळं काठोकाठ. होडी मध्यावर असताना वारा सुटला. होडी गोल फिरली, पाणी आत आलं. होडीवाल्याने कशीबशी ती परत पल्याडच्या काठाला नेली. माणसं वाचली. पण ताईच्या पोटात त्याच दिवशी कळा सुरू झाल्या आणि मूल काही जगलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर आई होडीने पल्याड गेली. ताईजवळ बसली, तिचं सगळं केलं, आणि उन्हं कलताना परत आली तेव्हा होडीतून उतरताच चक्कर येऊन काठावर बसली. दिवसभर तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कारण आमच्यात अशी रीत आहे की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. जेवण तर लांबच. मूल झालं, त्याचं तोंड पाहिलं, की मग विहीण तांब्या पुढे करते आणि त्या घरचं पाणी मोकळं होतं. ताईच्या सासूने त्या दिवशी आईला पुष्कळ विनवलं, म्हणाल्या, "मूल झालंच की हो, देवानं नेलं त्याला कोन काय करनार?" आईने मान हलवली. तोंड पाहिलं ते जिवंत मुलाचं नव्हतं.

घरी आल्यावर आईने वडिलांना एकच गोष्ट सांगितली. "पोटुशी लेक मी आता पान्यावरून आनायची नाय. जमिनीवरून चालत यील."

वर्षभराने ताईला पुन्हा दिवस गेले, आणि दिवस भरत होते ते नेमके आखाजीच्या आसपास. आईला हा देवाचा कौलच वाटला. तोवर फरशी उघडी असेल, ताई धिम्या पावलांनी, हाताला धरून, जमिनीवरून येईल. त्या वर्षी जूनमध्ये मी नाशिकला गेलो, गंगापूर रोडच्या एका हॉस्टेलवर राहू लागलो आणि सायन्सच्या पहिल्या वर्षाला बसलो. थंडीत सगळं ठीक होतं. उन्हाळा लागला आणि पाणी उतरेना.

मला हे कळायचं ते माझ्या चुलतभावाकडून. तो अंबडला एका कारखान्यात लागला होता. आठवड्याच्या सुट्टीला गावी जायचा आणि परतल्यावर संध्याकाळी सायकल मारत माझ्या हॉस्टेलवर यायचा. मी दारातच विचारायचो, "शाळा दिसली का?"

"आधी पानी दे प्यायला. अंबडपासून आलोय." घटाघटा पाणी पिऊन तोंड पुसून तो म्हणायचा, "चिंच पन अर्धीच हाय अजून."

"मागच्या वर्षी या वेळेला तर—"

"मागच्या वर्षीचं काय घेऊन बसला. मशीन बिघाडलंय म्हनत्यात घाटाखाली. पानी सोडतच नायत."

माझ्या खोलीत पेठ तालुक्यातला एक मुलगा होता. त्याच्या डोंगरात ना धरण ना तळं, उन्हाळ्यात त्यांच्याकडच्या बायका झऱ्यात वाटी बुडवून हंडा भरत. आमची तक्रार त्याला समजेचना. "पाणी लय झालं म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. मी त्याला फरशीचं सांगितलं, ताईचं सांगितलं. तो उठला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"हे काय?"

"तुझं मशीन कशाने फिरतं? लोकं वीज वापरतात म्हणून ना? मग वापर की. दिवा जळू दे, पंखा फिरू दे. ताई येऊ दे तुझी."

मी हसलो. मी सायन्सचा विद्यार्थी. एका बल्बने तळ्याला काय होतं हे मला कळत होतं. शिवाय नाशिकच्या तारेतली वीज कुठल्या वीजघरातली हे कुणाला ठाऊक? तरी मी बटण बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीहून आलो आणि माझा मीच दिवा लावला. मग ती सवयच झाली. कॉलेजला जातानाही दिवा लागलेला असायचा. परत येताना लांबूनच खिडकीकडे बघायचो. दुपारच्या उन्हात तो पिवळा ठिपका जेमतेम दिसे, पण दिसला की बरं वाटे.

एकदा रेक्टर सर फेरीला आले. दारात उभे राहून त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग वर बल्बकडे.

"दिवसाढवळ्या दिवे? तुमच्या बापाचं धरण आहे का रे?"

मी उभा राहिलो. पेठवाला कॉटवरूनच म्हणाला, "सर, याच्या बापाचंच आहे. निदान खालचं शेत तरी."

आता दोघांना बाहेर काढतात, असं मला वाटलं. सर आत आले, स्वतःच्या हाताने बटण बंद केलं, मला विचारलं, "कुठलं गाव?" मी सांगितलं. "हं," म्हणाले आणि गेले. त्यांची पावलं जिन्यावर वाजेनाशी झाल्यावर पेठवाल्याने दिवा पुन्हा लावला.

अभ्यास होत नव्हता. फिजिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर धरण काढलं. एक तिरकी रेघ, तिच्यावर आडवी रेघ म्हणजे पाण्याची पातळी, खाली एक गोल म्हणजे टर्बाइन. उंचीवरचं पाणी खाली येताना त्याच्यातल्या ऊर्जेचं काय होतं ते ते सांगत होते. बाकीची मुलं उतरवून घेत होती. मी त्या आडव्या रेघेकडे बघत होतो. ती सरांनी किती सहज काढली होती. बोटाने पुसून थोडी खाली काढायला त्यांना काहीच लागलं नसतं. तास संपल्यावर मी खोलीत गेलो नाही. गंगापूर रोडने सरळ चालत सोमेश्वरपर्यंत गेलो. तिथे गोदावरीचा कातळ उघडा पडला होता, बायका कोरड्या खडकांवर कपडे वाळत घालत होत्या. सगळ्या नद्या आटल्या होत्या, आमचीच तेवढी भरलेली. मी उभ्या उभ्या परत फिरलो.

त्यातच वडिलांनी चुलतभावाबरोबर निरोप पाठवला. तू नाशिकला आहेस, शिकलेला आहेस, तिथे मोठी ऑफिसं आहेत, पाणी कधी सोडणार ते विचारून ठेव. मला कुठल्याही ऑफिसात जायची भीती वाटायची, अजूनही वाटते. शर्ट धुऊन, इस्त्री करून गेलो. कुठल्या खात्यात विचारायचं तेही माहीत नव्हतं. एका दारावरून दुसऱ्या दारावर पाठवत पाठवत मला शेवटी एका कारकुनासमोर उभं केलं. ते चष्मा कपाळावर चढवून डबा खात होते.

"काय पाहिजे?"

"साहेब, धरणाचं पाणी कधी उतरेल ते विचारायचं होतं."

त्यांनी घास हातातच ठेवला. "कधी उतरेल?" शेजारच्या टेबलाकडे वळून ते म्हणाले, "अहो, ऐका. नोकरीला लागल्यापासून माणसं इथे येऊन विचारतात पाणी कधी येईल. पाणी कधी जाईल हे विचारणारा पहिला प्राणी आला."

शेजारचे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं सुचेना. मग मी सांगितलं, फरशी आहे, बहीण आहे, तिचे दिवस भरत आलेत. त्यांनी चष्मा खाली घेतला. घास डब्यात ठेवला.

"बाळ, ते आमच्या हातात नाही. मशीन दुरुस्तीला काढलंय एवढं मला माहीत आहे. ते कधी सुरू होईल ते दुरुस्त करणाऱ्यालाही माहीत नसेल." डबा बाजूला सारून ते म्हणाले, "वळशाच्या वाटेने गाडीतून नाही का आणता येत?"

"तिला तपासणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, धक्के बसायला नकोत."

"मग होडी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. माझ्यापुढे स्टूल सरकवलं आणि मला चहा पाजला. चहा पिऊन मी निघालो. हाती काही आलं नव्हतं.

परीक्षेआधी एक रविवार मिळाला तेव्हा घरी गेलो. घरात कुणी नव्हतं. आई खाली पाण्याच्या कडेला होती. रोज तिन्हीसांजेला ती पाण्याला अगदी लागून एक दगड ठेवायची आणि सकाळी जाऊन बघायची, की पाणी दगडापासून किती मागे गेलंय. सगळ्याच बायका हे करतात, पण बहुतेक वर्षी ते गमतीत. त्या दिवशी मी तिच्याजवळ गेलो तेव्हा ती आदल्या सांजेच्या दगडाकडे बघत उकिडवी बसली होती. पाणी दगडाला चाटत होतं. समोर चिंचेचं खोड अर्धं पाण्यात.

"तुजं पुस्तक काय सांगतं रं?" मान न वळवता तिने विचारलं.

"मशीन सुरू झालं की उतरेल, आई."

"त्ये मला बी म्हाईत हाय. त्येच्यासाठी कॉलेज कशाला पायजे?" ती उठली. लुगड्याचा ओचा झटकला, दगड उचलला आणि लांब पाण्यात फेकला. "पान्याच्या मागं लागून उपेग नाय. ती नाय येत तर मी जाते."

"तिच्या सासरी? बाळंतपण होईपर्यंत?"

"मग?"

"आणि प्यायचं काय? तळपतं ऊन आहे. मागच्या वेळी एका दिवसात काय झालं होतं?"

तिने घरी येऊन पीठ, डाळ, तिखट-मीठ, एक पातेलं आणि तवा असं बोचकं बांधायला घेतलं. वडील म्हणाले, विहीणबाईंना राग येईल. आई म्हणाली, येऊ दे. मी संध्याकाळच्या एसटीने नाशिकला परत यायला निघालो तेव्हा ती होडीवाल्याकडे जायला निघाली होती.

पुढच्या आठवड्यात चुलतभाऊ हसत हसत आला. "तुझी आई पल्याड तळ्याकाठी तीन दगडं मांडून बसलीय. येगळी चूल. सगळं गाव बघाया येतंय."

मला राहवेना. दोन पेपरांच्या मध्ये मोकळा दिवस होता. पेठवाला म्हणाला, "जा तू, दिव्याचं मी बघतो." पहाटेची एसटी पकडली, होडी पकडली आणि पल्याड उतरलो.

खरंच, काठावर करंजाच्या सावलीला तीन दगडांची चूल होती. आई भाकरी थापत होती. शेजारी ताईची सासू बसलेली, पदराने वारा घेत. ताई झाडाला टेकून पाय पसरून. तिचे पाय सुजलेले दिसले.

"घ्या, शिकलेलं पाव्हनं आलं," ताईची सासू म्हणाल्या. "आता तुमीच न्याय करा. घर हाकेवर हाय. घरात माठ हाय, वाळ्याचं पानी हाय. आन् तुमची आई ह्या तळ्यातलं गढूळ पानी फडक्यानं गाळून उकळून पितीया. माझ्या घरचं पानी इटाळलंय का?"

"तसं नाय वो, विहीनबाई," आई म्हणाली. "रीत ती रीत. पन ह्ये पानी तुमचं नाय. ह्ये आमचं हाय. आमच्या मळ्यावर उभं हाय ह्ये. मी माझ्या शेतातलं पानी पिते, त्यात कसली आली रीत?"

"वा! आन् आमचं शेत काय आभाळात गेलं? आमचं बी हितंच खाली हाय. आमचं पानी त्यात मिसाळलं नाय का?"

आई भाकरी तव्यावर टाकून, हात धुऊन मग म्हणाली, "तुमचं शेत खालच्या अंगाला. आमचं वरच्या. पानी वरून खाली येतं. तव्हा आमचंच तुमच्यात मिसाळलं, तुमचं आमच्यात नाय."

ताईची सासू आधी तोंड उघडून बघत राहिल्या. मग मांडीवर थाप मारून इतक्या मोठ्याने हसल्या की काठावरचे बगळे उडाले. "सून चौथी शिकलीय, पाव्हनं कॉलेजात, आन् वकील झाली ती ही!" त्यांनी घरून आपली भाकरी आणली होती. आईने ती घेतली नाही, तशी त्यांनी ती तिथेच बसून स्वतः खाल्ली, आईच्या चुलीशेजारी. ताई म्हणाली की रोज असंच चालतं. सासू रागावून येतात, भांडतात, जेवतात आणि दिवेलागणीला दोघी मिळून घरी येतात. आई रात्री ओट्यावर निजते, आपल्या लोट्यातलं पाणी उशाशी घेऊन.

मी ताईजवळ बसलो. ती समोर पाण्याकडे बघत होती. आपल्या बाजूची टेकडी तिथून स्वच्छ दिसते, आमच्या घराचं छप्परही दिसतं.

"घाबरतेस का?" मी विचारलं.

"तर काय," ती म्हणाली. "मागल्या टायमाला होडीतून मला आपलं घर दिसत व्हतं. असंच. सारखं वाटतंय, पुन्हा तसंच व्हईल."

मला काहीतरी बोलायचं होतं, धीर द्यायचा होता. मी तिला दिव्याचं सांगितलं. पेठवाला काय म्हणाला, रेक्टर सर कसे आले, आणि मला कळतं की त्याने काही होत नाही, तरी मी बंद करत नाही. ती हसायला लागली. पोटाला हात लावून हसत राहिली. आई ओरडली, "हसवू नको रं तिला!"

"ऱ्हाऊ दे लावलेला," ताई म्हणाली. "मला ठावं असंल, तिकडं दिवा चालू हाय."

दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून मला लवकर निघावं लागलं. होडीतून मागे वळून पाहिलं तेव्हा आई कमरेएवढ्या पाण्यात जाऊन घागर बुडवत होती, काठाजवळचं गढूळ टाळून. जिथे तिच्या हिशेबाने आमचं पाणी सुरू होत असेल तिथे ती गेली असावी.

उरलेले पेपर मी कसे दिले सांगता येणार नाही. एका पेपरला प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच लिहायला लागलो, दुसऱ्याला वेळेआधी उठून बाहेर आलो आणि मग पायऱ्यांवर बसून राहिलो. गावाकडे फोन नव्हता. तार करायची तर घोटीहून, आणि घोटीला येईल कोण? चुलतभाऊ आखाजीची सुट्टी टाकून गावी गेला होता. सण होऊन गेला तरी तो परतला नव्हता. मी रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकापाशी उभा राहायचो. अंबडकडून येणारा प्रत्येक सायकलवाला मला तोच वाटायचा. चांगली बातमी असती तर तो धावत आला असता, असं एकदा वाटे. वाईट असती तर वडील स्वतः आले असते, असं पुन्हा वाटे. मग वाटे, वाईट असती तर मी परीक्षेत आहे म्हणून त्यांनी कळवलंच नसतं. या शेवटच्या विचारापाशी आलो की मला उभं राहवत नसे, मी रस्त्याने चालू लागे, आणि कुणी येऊन गेला तर, म्हणून तसाच मागे फिरे.

हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं होतं. पेठवालाही जाणार होता, पण माझ्यासाठी थांबला. "बातमी घेऊनच जातो," म्हणाला. आमचा बल्ब एकदा गेला, तेव्हा त्याने मला न विचारता शेजारच्या रिकाम्या खोलीतला काढून आणून लावला.

आणि मग एका दुपारी, ऊन अजून उतरलंही नव्हतं तेव्हा, चुलतभाऊ फाटकातून आत आला. सायकलवर बसून नव्हे, हातात धरून. साखळी निघाली होती. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी जिन्यावरून धावत उतरलो आणि सवयीने तोंडातून तेच आलं, "शाळा दिसली का?"

"कसली शाळा? चिंच बी हाय तिथंच हाय." त्याने सायकल भिंतीला टेकवली. काळे झालेले हात पँटला पुसले. मी वाट बघत होतो की नेहमीसारखं तो आधी पाणी मागेल. त्याने ते मागितलं नाही.

"तुझी आई काल पानी प्याली," तो म्हणाला. "विहीनबाईच्या हातचं. उभ्यानं, तांब्याभर."